छत्रीचं अर्थिंग वेगळं ठेवायचं की घरच्या अर्थिंगला जोडायचं? (चिऱ्याचं घर, सत्तरी)

वाळपईवाला

घर गोव्यात वाळपईजवळ आहे. पुढचा जुना भाग चिऱ्यांचा (जांभ्या दगडाचा), वर मंगळुरी कौलं. मागे नंतर वाढवलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या, त्यांच्या गच्चीवर डीटीएचची ६० सेंमीची छत्री. जीआय पाइप कठड्याला बांधलेला, स्लॅबपासून उंची सव्वा मीटर. तिथून पांढरी केबल पागोळीखालून फिरत पुढच्या खिडकीतून दिवाणखान्यात येते. एकूण ३२ मीटर, मध्ये एक जोड. मीटर आणि घरचं अर्थिंग पूर्वेला, गच्ची पश्चिमेला. दोन्हींत साधारण १८ मीटर. वीज सिंगल फेज, खांबावरून उघड्या तारांनी येते.

मे महिन्यात जवळच वीज पडली. सेट-टॉप बॉक्स गेला आणि टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट गेला. फ्रिज, पंप, पंखे सगळे शाबूत. छत्रीला अर्थिंग नव्हतं.

आता तीन जणांची तीन मतं. छत्री बसवणारा म्हणतो, केबलमध्ये १८ व्होल्टच असतात, अर्थिंग लागतच नाही. वायरमन म्हणतो, गच्चीच्या पायथ्याशी नवा रॉड ठोकून छत्री त्याला जोडा, पण घरच्या अर्थिंगला अजिबात लावू नका, नाहीतर वीज घरात येईल. तिसरा म्हणतो, कठड्याची सळई उघडी करून तिला वेल्ड करा.

कोणाचं ऐकू? तार किती जाडीची? आणि बॉक्सच्या मागे केबलची पिन लावताना हाताला मुंग्या येतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का? केबल बदलायचीच आहे, तर कुठली घ्यावी तेही सांगा.

वायरिंग_फोंडा

वायरमनचं पहिलं वाक्य बरोबर आहे, दुसरं धोक्याचं आहे. रॉड ठोका, पण तो घरच्या अर्थिंगला जोडल्याशिवाय सोडू नका.

तुमच्याकडे जळलं काय ते बघा. बॉक्स आणि एचडीएमआय, बस्स. फ्रिज आणि पंपाला विजेची एकच वाट आहे, मीटरकडून. बॉक्सला दोन वाटा आहेत: एक छत्रीकडून केबलच्या आवरणाखालच्या धातूच्या जाळीतून, दुसरी प्लगमधून आणि एचडीएमआयमार्गे टीव्हीच्या प्लगमधून. जवळ वीज पडली की या दोन वाटांच्या टोकांचा दाब (व्होल्टेज) वेगवेगळा होतो, आणि तो फरक जिथे दोन वाटा भेटतात तिथे, म्हणजे बॉक्सच्या आत, फुटतो.

आता वायरमन म्हणतो तसा सुटा रॉड लावला तर काय होईल? समजा त्या रॉडचा रोध ३० ओहम आहे आणि विजेचे फक्त १००० अँपिअर त्यातून जमिनीत गेले. रॉडचा माथा, आणि त्यासोबत छत्री, पाइप, केबलची जाळी, ३०,००० व्होल्टवर चढले. १८ मीटर दूर असलेलं घरचं अर्थिंग त्या क्षणी जवळजवळ शून्यावर आहे. मधला पूल कोणता? केबलची जाळी, बॉक्स, एचडीएमआय, टीव्ही, तीन पिनांचा प्लग, घरची अर्थ वायर. म्हणजे सुटा रॉड लावून तुम्ही बॉक्समधून जाणारी वाट आणखी पक्की केलीत. आज छत्री अधांतरी आहे, त्याहून ती स्थिती वाईट.

दोन्ही अर्थिंग जमिनीतून जाड पट्टीने जोडली की दोन्हींचा दाब बराचसा एकत्र चढतो आणि एकत्र उतरतो. मग बॉक्सवर पडणारा फरक थोडा राहतो. "वीज घरात येईल" ही भीती समजते, पण ती आजही येतेच आहे, फक्त टीव्हीच्या आतून येते. तिला बाहेरून, भिंतीच्या पलीकडून वाट द्यायची आहे.

तारेची जाडी. आयईसी ६०७२८-११ हे या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. छतावरच्या छत्रीच्या पाइपपासून अर्थपर्यंत तांब्याची किमान १६ चौ. मिमी, आणि केबलची जाळी घराच्या मुख्य अर्थ पट्टीला जोडण्यासाठी किमान ४ चौ. मिमी. पण जाडीपेक्षा लांबी आणि वळणं जास्त महत्त्वाची. सरळ तारेला दर मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. जवळच्या विजेने केबलमध्ये उठलेला प्रवाह मायक्रोसेकंदाला १०० अँपिअर या वेगाने वाढला, तर ५ मीटर तारेच्या दोन टोकांत ५०० व्होल्ट उभे राहतात, तार कितीही जाड असो. म्हणून तार सर्वांत जवळच्या वाटेने न्या, उरलेल्या तारेचं वेटोळं करून खिळ्याला टांगू नका, काटकोनात मोडू नका.

केबल घरात शिरते तिथेच, भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, ग्राउंडिंग ब्लॉक लावा. दोन्ही बाजूंना एफ कनेक्टरची चूडी आणि मध्ये अर्थ वायरचा स्क्रू असलेला तो छोटा धातूचा ठोकळा. घेताना निदान २१५० मेगाहर्ट्झपर्यंतचा आहे आणि त्यातून डीसी जातो हे बघून घ्या. केबल टीव्हीचा १००० मेगाहर्ट्झवाला नको. गावातल्या दुकानात बहुधा मिळणार नाही, ऑनलाइन मागवा.

कठड्याची सळई: पायापर्यंत सलग वेल्ड केलेली किंवा नीट बांधलेली असेल तरच ती अर्थ म्हणून कामाची. कठड्याच्या सळया बऱ्याचदा नंतर घुसवलेल्या असतात आणि कॉलमच्या सळयांना नीट भेटत नाहीत. तिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नका.

मुंग्यांचं कारण साधं आहे. बॉक्सचा अडॅप्टर दोन पिनांचा. त्याच्या आत गोंगाट गाळणारा एक छोटा कपॅसिटर मेन्सच्या (घरच्या विजेच्या) बाजूपासून आउटपुटकडे जोडलेला असतो, त्यामुळे बॉक्सचं धातूचं अंग अर्ध्या मेन्सच्या आसपास, मल्टिमीटरवर ९० ते ११५ व्होल्ट दाखवत तरंगतं. प्रवाह एक मिलिअँपिअरहून कमी, म्हणून जीवाला धोका नाही, पण शिडीवर असताना दचकून तोल जातो. जाळी अर्थ झाली की मुंग्या थांबतात. मात्र ब्लॉक जोडताच आरसीसीबी (अर्थकडे गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडू लागला तर ती कपॅसिटरची गळती नव्हे. एखादा अडॅप्टर किंवा टीव्ही खरोखर बिघडलेला आहे. तो शोधून काढा, अर्थ वायर सोडून मोकळे होऊ नका.

गच्ची_आणि_पाइप

मी उलट ऐकलंय. मोबाइल टॉवरवाले स्वतःचं अर्थिंग इमारतीपासून वेगळं ठेवतात म्हणे. मग घराला हा न्याय का नाही?

वायरिंग_फोंडा

नाही. टॉवरच्या साइटवर मनोरा, उपकरणांची खोली आणि डिझेल जनरेटर या सगळ्यांभोवती जमिनीत पट्टीचं एकच कडं फिरवतात आणि सगळं त्याला जोडतात. एकत्र जोडण्याचंच ते मोठं रूप आहे.

आणखी एक गोष्ट, कारण कोणीतरी सुचवेलच: न्यूट्रल म्हणजे अर्थ नव्हे. खांबावरची न्यूट्रल तुटली की घरातल्या उपकरणांमधून तिच्यावर २३० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. छत्रीचा पाइप तिला लावला असेल तर गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्याला तो लागेल. तसंच पाण्याच्या नळाला जोडायचा जुना उपायही विसरा, आता टाकीचे पाइप पीव्हीसीचे असतात.

चिरेखाण

वरचं सगळं मान्य. पण सत्तरीत रॉड ठोकणं म्हणजे काय, हे मुळात बघायला हवं. आपल्याकडे वर अर्धा-पाऊण मीटर लाल माती, खाली जांभा. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे रॉड किमान २.५ मीटर, जीआय असेल तर १६ मिमी व्यासाचा, आणि भिंतीपासून दीड मीटर दूर. प्रत्यक्षात रॉड मीटरभर गेला की थांबतो, मग वायरमन उरलेला कापतो आणि वर सिमेंट टाकतो. असा रॉड नसल्यातच जमा.

आकड्यात सांगतो. कोरड्या जांभ्याची रोधकता १००० ओहम-मीटर धरू. पूर्ण २.५ मीटर रॉड गेला तरी त्याचा रोध जवळजवळ ३९० ओहम येतो. त्याच मातीत २५ × ३ मिमीची जीआय पट्टी ६० सेंमी खोल चरात १० मीटर आडवी पुरली तर सुमारे १५० ओहम. १८ मीटर पुरली तर सुमारे ९५. म्हणजे गच्चीपासून मीटरपर्यंत जी पट्टी दोन अर्थिंग जोडायला टाकायचीच आहे, तीच तुमचा सर्वांत चांगला इलेक्ट्रोड ठरते. एका खर्चात दोन कामं. चिऱ्याच्या घराला मी रॉडपेक्षा चर खणायला सांगेन.

चर खणल्यावर निघालेले खडे परत त्यात टाकू नका. पट्टीच्या खाली-वर दहा-दहा सेंमी चाळलेली माती, तिच्यात बेंटोनाइट मिसळून, पाणी घालून थापा. बेंटोनाइट ओल धरून ठेवतं आणि पट्टीला चिकटून राहतं. मीठ-कोळसा नको. आपला पाऊस दोन-तीन पावसाळ्यांत मीठ धुऊन नेतो आणि जाताना जीआयचा जस्ताचा थरही खाऊन जातो. चर शक्य तर नाहणीच्या किंवा गच्चीच्या पाण्याच्या वाटेवरून न्या. कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) बाजूला ओल असेल तर थोडा वळसा चालेल.

पट्टीला पट्टी जोडताना ५० मिमी एकावर एक, दोन बोल्ट किंवा वेल्ड, वर बिट्युमेनचा जाड हात. वेल्ड केल्यावर जस्त जळतं, तिथूनच गंज सुरू होतो, म्हणून हा हात चुकवू नका.

विहिरीत तार किंवा पाइप सोडून अर्थिंग करणारे अजून आहेत. करू नका. विजेच्या वेळी कोणी रहाट ओढत असेल तर दोर, लोखंडी कप्पी आणि पाणी यांच्यासकट तो माणूस त्या अर्थिंगचा भाग होतो.

रोध मोजायचा तर मे महिन्यात, माती सर्वांत कोरडी असताना. जुलैत मोजलेला आकडा तुम्हाला खोटा दिलासा देतो, कारण विजा पडतात त्या मुख्यतः एप्रिल-मेच्या वळवात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. अर्थ टेस्टरने तीन खुंट्यांची रीत वापरा: प्रवाहाची खुंटी २५-३० मीटरवर, दाबाची तिच्या ६२ टक्के अंतरावर, आणि मोजण्याआधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रोड घरापासून सोडवा. इथे १८ मीटरची पट्टी आहे, म्हणून खुंट्या आणखी लांब न्याव्या लागतील आणि पट्टीच्या काटकोनात ठोकाव्यात. १० ओहम मिळाले तर उत्तम, पण जांभ्यावर त्यामागे पैसे ओतत बसू नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर ५०-६० ओहमलाही माणूस सुरक्षित राहतो, आणि उपकरणं वाचतात ती मुख्यतः सगळं एकत्र जोडल्यामुळे.

वाळपईवाला

खूप उपयोगी. तीन शंका. (१) पट्टी पुरायला पुढचं अंगण फोडावं लागेल, मधे तुळस आणि लाद्या आहेत. छत्रीच पूर्वेला मीटरजवळ आणली तर? त्या बाजूला आग्नेयेला दोन माड आणि एक फणस आहे. (२) पुढे-मागे दुसरा टीव्ही लावायचा आहे. (३) मेन्सच्या बाजूने वीज आली तर तिला काय करायचं?

वायरिंग_फोंडा

छत्री पूर्वेला आणणं हाच सर्वांत चांगला उपाय आहे.

वर सांगितलेल्या आयईसी मानकात एक सवलत आहे. छत्री छताच्या कडेपासून २ मीटरहून अधिक खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल, तर तिच्या पाइपला स्वतंत्र जाड अर्थ वायर सक्तीची नाही. केबलची जाळी मात्र जोडावीच लागते. मीटर तिथेच असल्याने ४ चौ. मिमीची हिरवी-पिवळी तार दोन-तीन मीटरमध्ये मुख्य अर्थ पट्टीला पोहोचेल आणि केबलही ३२ ऐवजी १०-१२ मीटर होईल. मी पाइपलाही त्याच पट्टीपर्यंत तार देईन, तेवढ्याशा अंतरासाठी काटकसर कशाला.

गोव्यातून उपग्रह बरेच डोक्यावर दिसतात, म्हणून छत्री खाली असली तरी चालते. डीडी फ्री डिश आणि सन डायरेक्ट ९३.५ अंश पूर्वेला: दिशा उत्तरेपासून साधारण १२७ अंश, उंचीचा कोन ६१. टाटा प्ले ८३ अंश पूर्वेला: दिशा १४९, उंची ६९. झाड छत्रीपेक्षा जितकं उंच, त्याला ९३.५ साठी १.८ ने आणि ८३ साठी २.६ ने भागा. तेवढ्या अंतराच्या आत, त्या दिशेला झाड नको. म्हणजे माड छत्रीपेक्षा ९ मीटर उंच असेल तर पहिल्यासाठी ५ मीटर, दुसऱ्यासाठी साडेतीन मीटर. यात माडाच्या झावळ्यांचा घेर धरायचा आहे, खोडाचा नव्हे, आणि वर दीड मीटर वाऱ्यासाठी सोडा. ओली झावळी सिग्नल जवळजवळ पूर्ण गिळते. मेमध्ये चित्र स्वच्छ आणि जूनमध्ये वारा सुटला की तुकडे पडतात, असं झालं तर आधी झाडाकडे बघा.

दोन गोष्टी सांभाळा. पागोळ्या पडतात त्या भिंतीवर छत्री नको. कौलांवरचं सगळं पाणी एलएनबीवर (छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवर) कोसळेल आणि छपराची पुढे आलेली कड बघण्याच्या वाटेतही येईल. त्रिकोणी भिंत, म्हणजे जिथे पाखं उतरत नाही ती बाजू, सर्वांत बरी. नाहीतर पन्हळ बसवलेली बाजू. दुसरं, खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस तारांपासून इतकी दूर ठेवा की पाइप उखडून पडला तरी त्यांना लागणार नाही. पाइप उभा करतानाही हे ध्यानात असू द्या.

चिऱ्यात एक्स्पान्शन बोल्ट धरत नाही. आवळला की चिरा आतून चुरा होतो, पहिल्या पावसाळी वाऱ्यात पट्टी हलते आणि छत्री दोन अंश फिरली तरी सिग्नल गेला. १० मिमीचे आरपार बोल्ट घालून आतल्या अंगाला १०० × १०० मिमीची लोखंडी पट्टी द्या, किंवा भोकातली धूळ पूर्ण फुंकून केमिकल अँकर वापरा.

दुसरा टीव्ही: दोन आउटपुटांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र केबली, प्रत्येकीला आपला ग्राउंडिंग ब्लॉक. केबल टीव्हीचा स्प्लिटर मध्ये घालू नका. बॉक्स १३ आणि १८ व्होल्टने एलएनबीला पोलरायझेशन सांगतो, एका तारेवर दोन बॉक्स वेगवेगळं मागू लागले की एकाचे चॅनेल जातात.

मेन्सची बाजू: डीबीमध्ये (घरच्या स्विच-फ्यूजच्या पेटीत) मेन स्विचच्या लगेच नंतर टाइप २ एसपीडी, म्हणजे विजेचा झटका अर्थकडे वळवणारं उपकरण, ४० किलोअँपिअरचा, सतत दाब २७५ किंवा ३२० व्होल्ट सहन करणारा. तुमच्यासारख्या स्वतःचं अर्थिंग असलेल्या घराला फेज-न्यूट्रलमध्ये व्हॅरिस्टर आणि न्यूट्रल-अर्थमध्ये स्पार्क गॅप अशी १+१ जोडणीचाच घ्या, आणि आरसीसीबीच्या आधी लावा. त्याच्या दोन्ही तारा मिळून ५० सेंमीच्या आत. डीबीच्या तळाशी एसपीडी आणि अर्थची तार वर वळसा घालून, असं दिसलं तर ते सुधारून घ्या, वरचं इंडक्टन्सचं गणित इथेही लागू आहे. हिरवी खिडकी लाल झाली की कार्ट्रिज बदला.

मांद्रे_किनारा

केबल आणि जोडांबद्दल कोणी लिहिलं नाही. तक्रारी मात्र सर्वांत जास्त तिथूनच येतात, म्हणून सविस्तर.

केबल आरजी-६, ७५ ओहम, बाहेरचं आवरण काळं पॉलिइथिलीन. पांढरं पीव्हीसी उन्हात तडकतं, आणि एक तडा पुरे, पाणी जाळीतून केशाकर्षणाने कित्येक मीटर आत जातं. मधली तार १.०२ मिमी. चुंबक चिकटला तर तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद, नाहीतर बहुधा तांबं. सिग्नलला दोन्ही सारखेच, कारण एवढ्या वारंवारतेला प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच जातो. फरक एलएनबीला जाणाऱ्या डीसीमध्ये. पोलादवालीचा रोध शंभर मीटरला १० ओहमच्या आसपास, तांब्याचा सुमारे २. तुमच्या १२ मीटरला कुठलीही चालेल, चाळीस-पन्नास मीटरला तांब्याची घ्या. २१५० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सिग्नलचं ३० डेसिबलच्या वर नुकसान होतं, म्हणून मधला जोड आणि उगाच ठेवलेलं वेटोळं दोन्ही काढून टाका.

कनेक्टर कॉम्प्रेशनचा. पिळून बसवायचा स्वस्त कनेक्टर खारट हवेत आणि पावसात दोन मोसम काढत नाही. सोलण्याची मापं: मधली तार ६ मिमी उघडी, पुढची ६ मिमी पांढरा फोम तसाच ठेवून वरचं काळं आवरण काढायचं. जाळी मागे उलटवून आवरणावर सारखी पसरायची. कनेक्टर दाबला की आत फोम कनेक्टरच्या तळाशी बरोबर येऊन टेकला पाहिजे आणि मधली तार नटच्या कडेबाहेर २-३ मिमी दिसली पाहिजे. तार सोलताना ब्लेडने ओरखडा पडला तर कापून पुन्हा करा, मुलामा निघालेलं पोलाद तिथेच गंजतं. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी बॉक्स एलएनबी शॉर्ट दाखवतो. असं आलं की आधी कनेक्टर उघडा, एलएनबी बदलायला धावू नका.

हाताने पूर्ण फिरवून मग ११ मिमीच्या पान्याने पाव वेढा. जास्त आवळलं तर एलएनबीचं सॉकेट फिरतं.

पाणी अडवायला जोड कोरडा आणि स्वच्छ असताना स्वतःत मिसळणारी रबराची टेप, ताणून, निम्मी निम्मी एकमेकीवर, खालून वर. वर काळी उन्हाची टेप. साधी इन्सुलेशन टेप एका उन्हाळ्यात सुटते आणि आत पाणी कोंडून ठेवते, ते उघड्या जोडाहूनही वाईट. सिलिकॉन वापरायचं तर न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरचा वास येणाऱ्या सिलिकॉनमधलं आम्ल तांबं खातं.

घरात शिरण्याआधी केबलला १५ सेंमी खाली लोंबणारा फास द्या, म्हणजे पाणी तिथून गळेल. चिऱ्याच्या जुन्या भिंती जाड, ४५-६० सेंमीच्या. भोक आतून बाहेर उतरतं पाडा आणि त्यात २० मिमीचा पीव्हीसी पाइप घाला, नाहीतर चिऱ्याची ओल केबलच्या बाजूने आत येते. खिडकीच्या फटीतून केबल नेऊ नका, दार मिटताना ती चेपते आणि चेपलेल्या जागेवर ७५ ओहम राहत नाहीत. वळणाची त्रिज्या ७ सेंमीहून कमी नको. क्लिप दर अर्ध्या मीटरला, आणि ठोकताना केबल दबता कामा नये. विजेच्या तारांशी समांतर असेल तर २०-३० सेंमी अंतर, ओलांडायचीच तर काटकोनात, आणि दोन्ही एकाच कंड्युटमध्ये कधीही नाही.

तांब्याची तार थेट जीआय पाइपला वळवून बांधू नका. पावसात दोन धातूंमध्ये जस्त खाल्लं जातं आणि वर्षभरात तिथे तांबडी भुकटी उरते. कथिलाचा मुलामा असलेली थिंबल (तारेच्या टोकाची बोल्टची कडी) दाबून बसवा, पाइपवर स्टेनलेसचा क्लॅम्प, खालचा रंग खरवडून, वर ग्रीस. वाळपईला ३०४ चा क्लॅम्प पुरेल, किनाऱ्यावर ३१६ चा.

आणि दुरुस्तीला जाताना एक खूण: जोरदार सरीत सिग्नल जाऊन सर ओसरताच परत आला तर तो पावसाचाच परिणाम, छत्री जरा बारकाईने लावून तो कमी होतो. पाऊस थांबून दोन तास झाले तरी येत नसेल तर पाणी कनेक्टरमध्ये आहे. जाळी काळी पडली असेल तर चकचकीत जाळी दिसेपर्यंत केबल कापत मागे जा.

वाळपईवाला

छत्री पूर्वेच्या त्रिकोणी भिंतीवर घेतो. यादी: काळी आरजी-६ तांब्याची २५ मीटर (दोन टीव्हींसाठी), कॉम्प्रेशन कनेक्टर १०, ग्राउंडिंग ब्लॉक २, हिरवी-पिवळी ४ चौ. मिमी तार ६ मीटर, थिंबल ६, स्टेनलेस क्लॅम्प २, आरपार बोल्ट ४, रबर टेप १ रोल, एसपीडी १. जुनं अर्थिंग तसंच ठेवू?

वायरिंग_फोंडा

यादी बरी आहे. भिंत जाड आहे, म्हणून बोल्टांची लांबी मोजून घ्या, नाहीतर केमिकल अँकर.

जुनं अर्थिंग आधी उघडून बघा, बाकीचं सगळं त्याच्यावर टेकलेलं आहे. खड्ड्याचं झाकण काढा. पाइपच्या माथ्यावरची तार बोल्टखाली गंजून तुटलेली असते आणि वरून काहीच कळत नाही. तिला थेट हात लावू नका. एखादं उपकरण गळत असेल तर ती तुटकी तार जिवंत असू शकते. मेन बंद करा, टेस्टरने पाहा, मग सोडवा. गंज असेल तर नवा बोल्ट, नवी थिंबल, आणि तिथूनच चिरेखाण म्हणतात तशी ८-१० मीटर पट्टी ओलीच्या बाजूला. अंगणातल्या लाद्या फोडायची गरज नाही, मागच्या परसात गेली तरी चालते.

कामाचा क्रम: आधी अर्थिंग, मग ग्राउंडिंग ब्लॉकची तार, मग छत्रीची केबल, बॉक्सची पिन सर्वांत शेवटी. दूर गडगडाट ऐकू आला की शिडीवरून उतरा.

आणि हे सगळं केल्यावरही वीज थेट घरावर पडली तर बॉक्स वाचेलच असं नाही. मळभ दाटून आलं की प्लग आणि केबल दोन्ही काढा, नुसतं रिमोटने बंद करून काही होत नाही. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नका. काढलेली केबल टीव्हीच्या मागे धातूला टेकत ठेवू नका, निदान अर्धा मीटर लांब सोडा. फायबरचं इंटरनेट असेल आणि बॉक्सला लॅन केबल लावली असेल तर तीही काढा, कारण राउटरच्या अडॅप्टरमधून मेन्सची वाट तिथूनही येते. फायबरच्या केबलमध्ये बऱ्याचदा आधाराची पोलादी तार असते, ती घरात आणू देऊ नका, बाहेरच्या हुकालाच संपवायला सांगा.